रेनडिअरची राखण

सुमारे इ. स. ८९० मध्ये ओट्टार नावाचा एक नॉर्वेजियन दर्यावर्दी वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या दरबारी आला. आपण सर्व नॉर्स लोकांच्या उत्तरेस राहतो, असे त्याने राजास सांगितले. पुढे त्याने आपल्या मालमत्तेचा तपशील दिला, तो असा: गायी २०, मेंढ्या २०, डुकरे २० आणि न विकलेली पाळीव हरणे ६००. त्या ६०० मध्ये ६ हरणे भुलवणीची होती. रानटी हरणांना जवळ आणून पकडण्यासाठी त्यांचा उपयोग होई, आणि उत्तरेकडील लोकांत त्यांना फार मोल होते. आल्फ्रेडच्या लेखनिकांनी ही हकीकत ओरोसियसच्या जगाच्या इतिहासाच्या इंग्रजी भाषांतरात घातली आणि ती टिकली. पाळीव रेनडिअरचा इतका जुना आणि इतका स्पष्ट आकडा दुसरीकडे क्वचितच मिळेल. आमचे सारे आयुष्य महसुली दप्तरात गेल्यामुळे असा आकडा दिसला की आमचे लक्ष आधी पुढच्या रकान्याकडे जाते. ओट्टारने हरणे किती आहेत ते सांगितले. वर्षाकाठी लांडग्याने किती नेली, ते सांगितले नाही. तो रकाना भरायला पुढे हजार वर्षे लागली, आणि तो कोणी कसा भरायचा याचा वाद अजून मिटलेला नाही. प्रस्तुत लेख त्या रकान्याविषयी आहे.

ज्यांना ओट्टारने ‘फिन्न’ म्हटले ते आजचे सामी लोक. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या तीन देशांचा उत्तर भाग आणि रशियाचे कोला द्वीपकल्प एवढ्या प्रदेशाला ते ‘साप्मी’ म्हणतात. पूर्वी त्यांना ‘लॅप’ म्हणत. ते नाव त्यांना अपमानास्पद वाटते म्हणून आता सोडून दिले आहे. हरणाच्या कुळातला माणसाळलेला प्राणी म्हणावा तर रेनडिअरच. आणि या कुळात मादीलाही शिंगे येतात ती याच एका जातीत. हिवाळ्यात त्याचे मुख्य अन्न म्हणजे जमिनीवर पांढुरक्या गालिच्यासारखे पसरणारे एक दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते त्याचेच हे दूरचे भावंड. बर्फ खुराने उकरून रेनडिअर ते खातो. हे दगडफूल वाढते फार हळू. एकदा चरून किंवा तुडवून गेले की पुन्हा यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून कळप सतत हलता ठेवावा लागतो, आणि हलत्या कळपाभोवती भिंत घालता येत नाही. राखणीचा सारा प्रश्न इथे सुरू होतो. होळकरांच्या इंदुरात राहणाऱ्यांना धनगराच्या जीवनाची कल्पना थोडीफार असतेच. मेंढवाड्याभोवती रात्री जाळी लावून धनगर निजू तरी शकतो. सामी मेंढपाळाला, म्हणजे हरणपाळाला, ती सोय नव्हती.

शत्रू पाच. लांडगा, लिंक्स, वुल्व्हरीन, अस्वल आणि सोनेरी गरुड. प्रत्येकाची रीत वेगळी, आणि त्या रीतीप्रमाणे जखमही वेगळी. लिंक्स हे दाट केसांचे, आखूड शेपटीचे मोठे रानमांजर. ते दबा धरून येते, नरडीचा घोट घेते, आणि शेजारच्या हरणाला पत्ता लागत नाही. वुल्व्हरीन लहान अस्वलाएवढ्या ताकदीचा प्राणी आहे. त्याचे पंजे रुंद, त्यामुळे भुसभुशीत बर्फात हरीण पोटापर्यंत रुतते तेथे हा वरून धावतो. मारलेले मांस तो तुकड्यातुकड्यांनी नेऊन बर्फात आणि दगडांच्या कपारीत पुरून ठेवतो. अस्वल मे महिन्यात, हिवाळी झोपेतून उठल्यावर, नुकत्या जन्मलेल्या पाडसांवर येते. गरुड पाडसाच्या पाठीत नखे रोवतो. आणि लांडगा? लांडग्याचे नुकसान मेलेल्या हरणांपेक्षा मोठे असते. तो एक रात्र कळपात शिरला की कळप उधळतो. हरणे डोंगरदऱ्या ओलांडून परक्या कळपांत मिसळतात, गाभण माद्या धावून धावून खंगतात, आणि राखून ठेवलेले हिवाळी कुरण सोडून जनावरे भलतीकडेच जातात. त्यांना पुन्हा गोळा करण्यात आठवडेच्या आठवडे जातात.

यावर सामींचा एकच जुना उपाय होता, आणि तो म्हणजे माणूस. काही कुटुंबे मिळून एक ‘सीडा’ होई. त्यांची हरणे एकत्र चरत. प्रत्येकाच्या हरणाच्या कानावर सुरीने कापलेली वेगळी खूण असे. राखणीच्या पाळ्या लागत. उत्तरेकडच्या हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्या अंधारात पाळीवरचा माणूस काठी आणि कुत्रा घेऊन स्कीवर कळपाभोवती फिरत राही, ओरडत राही, कुत्र्याला भुंकायला लावी. काही हरणांच्या गळ्यात घंटा असे, आणि घंटेचा नाद अचानक बदलला तर काय समजायचे ते लहान मुलांनाही ठाऊक असे. अस्वलाचे आणि लांडग्याचे नाव थेट घेत नसत. त्यांच्यासाठी आडनावे वापरीत. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. ज्याच्याशी रोज गाठ पडण्याची भीती, त्याला हाक मारून कोण बोलावील!

या राखणीचे आतून केलेले वर्णन हवे असेल तर योहान तुरी याच्याकडे जावे लागते. तुरीचा जन्म १८५४ चा, मृत्यू १९३६ चा. तो हरणपाळाच्या घरचा, पण त्याचा खरा जीव लांडग्याच्या शिकारीत. एमिली डेमांट नावाची डॅनिश चित्रकार स्त्री सामी भाषा शिकून त्या लोकांत राहायला आली, आणि तिच्या साहाय्याने तुरीने आपल्या लोकांविषयी सामी भाषेत एक पुस्तक लिहिले. १९१० मध्ये ते डॅनिश भाषांतरासह प्रसिद्ध झाले. सामी माणसाने सामी भाषेत लिहिलेले हे पहिले लौकिक पुस्तक मानतात. त्यात हरणांची निगा आहे, लांडग्याचा पाठलाग आहे, रोग आहेत आणि उपचार आहेत. खोल मऊ बर्फात लांडगा रुततो आणि स्कीवरचा माणूस रुतत नाही, एवढ्या एकाच फरकावर ती शिकार चाले. माणूस त्याला गाठून काठीने किंवा भाल्याने मारी. बर्फ घट्ट असेल तर शहाणा माणूस पाठलाग करीतच नसे. आम्हांस या पुस्तकाचे महत्त्व वाटते ते अशासाठी की, सरकारी अहवालांत ‘नुकसान’ हा एक शब्द येतो, त्यामागची माणसाची झोप, थंडी आणि धास्ती येथे त्या माणसाच्याच भाषेत वाचायला मिळते.

तुरीचे घराणे मूळचे नॉर्वेतल्या कौतोकेइनोचे. ते स्वीडनमध्ये का आले, याचे कारण सीमा. १७५१ मध्ये डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांनी स्ट्रोमस्टाड येथे तह करून आपली सरहद्द आखली, तेव्हा तहाला एक पुरवणी जोडली. हरणांना उन्हाळ्यात समुद्राकडे आणि हिवाळ्यात आतल्या अरण्यात जावे लागते, सबब सामींनी सरहद्द ओलांडून पूर्वीप्रमाणे जावे-यावे, असे तिच्या ३० कलमांत मान्य केले होते. अठराव्या शतकातल्या राजांनी एवढा विवेक दाखवावा याचे आम्हांस कौतुक वाटते. पण शंभर वर्षांनी तो उरला नाही. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारकडे होते. १८५२ मध्ये फिनलंड आणि नॉर्वे यांमधली सरहद्द हरणांसाठी बंद झाली, आणि १८८९ मध्ये फिनलंड-स्वीडनमधलीही. नकाशावर ओढलेली रेघ घराच्या अंगणातून गेली म्हणजे काय होते, हे बेळगाव-निपाणीकडच्या आमच्या वाचकांना निराळे समजावायला नको. जी कुटुंबे अडकली ती स्थलांतर करून स्वीडनमध्ये आली, जुन्या कुरणांवर नव्या कळपांची भर पडली, आणि दाटी वाढली. दाटी झाली की राखण सोपी होते असे वाटेल. प्रत्यक्षात उलटे होते.

हे ‘उलटे’ काय, ते सांगितले पाहिजे. लांडग्यापासून वाचवायचे तर हरणे एका जागी कोंडून ठेवावीत, हा विचार कोणालाही सुचेल. दूध काढण्यासाठी सामी लोक उन्हाळ्यात माद्यांना आवारात घेतच असत. पण पावसाळी उन्हाळ्यात ते आवार चिखलाने आणि शेणाने भरले की खुरांना बारीक जखमा होत, त्यांतून जंतू शिरत, आणि खुराच्या वरचा सांधा सुजून सडू लागे. लंगडे झालेले हरीण कळपाबरोबर चालू शकत नाही. आणि जे मागे राहते ते लांडग्याचेच. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी या खुरकुजव्याने कळपच्या कळप बसवले. त्यावर औषध नव्हते. उपाय एवढाच की आवार सोडून कोरड्या, स्वच्छ जमिनीवर निघून जावे. पुढे दूध काढण्याची चाल मोडली तसा हा रोगही ओसरला. कुंपण एका शत्रूला बाहेर ठेवते तेव्हा दुसऱ्याला आत घेते, ही गोष्ट सामी हरणपाळाला पशुवैद्यकाच्या पुस्तकाआधीच कळली होती.

जखमी हरणावर उपचार करणे तर आणखी अवघड. हे जनावर गायीसारखे दाव्याला बांधून उभे राहत नाही. आयुष्यातला बहुतेक काळ ते मोकळेच असते. त्याला फासा टाकून धरले की भीतीनेच त्याचा अर्धा जीव जातो. त्याची लव इतकी दाट असते की लिंक्सच्या सुळ्याची भोके वरून दिसतही नाहीत. आतमध्ये मात्र गळू धरते. दात खोल गेलेली जखम वरून बुजली आणि आत राहिली की जनावर काही दिवसांनी पडते. म्हणून जखम उघडी ठेवून धुवावी लागते, आता प्रतिजैविक टोचावे लागते, आणि टोचले की ठरावीक दिवस त्याचे मांस विकता येत नाही. पाय मोडला असेल तर जुना हरणपाळ आणि आजचा पशुवैद्य दोघेही सहसा एकच निर्णय देतात: ते जनावर त्याच दिवशी कापावे. उत्तर फिनलंडमध्ये जखमांवर स्प्रूस झाडाच्या राळेचे मलम लावण्याची घरगुती चाल होती. २००८ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी माणसांच्या शय्याव्रणांवर तेच मलम रीतसर चाचणी करून पाहिले आणि ते गुणकारी ठरले. आजीबाईच्या बटव्याला असा दाखला मिळाला की आम्हांस बरे वाटते, हे कबूल करतो. असो.

राज्यसंस्थेने मात्र या सर्व काळात एकच उपाय मानला होता, तो म्हणजे शत्रूचा नायनाट. नॉर्वेने १८४५ मध्ये खास कायदा करून अस्वल, लांडगा, लिंक्स, वुल्व्हरीन आणि गरुड मारणाऱ्यास सरकारी इनाम लावले. स्वीडनमध्येही लांडग्याच्या डोक्यावर इनाम होते. ब्रिटिश हिंदुस्थानात वाघ-लांडग्यांवर कलेक्टर कचेरीतून जे इनाम मिळे त्याचीच ही उत्तरेकडची आवृत्ती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कँडिनेव्हियातला लांडगा जवळजवळ संपला. सुमारे १९६० नंतर बर्फावर चालणारी मोटर, म्हणजे स्नोमोबाइल, आली. तिने लांडग्याचा पाठलाग सोपा केला, आणि त्याबरोबर एक विचित्र गोष्ट केली. हरणपाळ आता रात्रभर कळपाजवळ राहीना. तो घरी झोपू लागला आणि सकाळी गाडीवरून फेरी मारू लागला. फिनलंडमधल्या स्कोल्ट सामींचा अभ्यास करून पेर्टी पेल्टो या मानवशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या ‘क्रांती’वर पुस्तक लिहिले, गाडीच्या आवाजाने आणि माणसाच्या दुराव्याने हरणे अधिक रानटी झाली, आणि ज्याच्याकडे गाडीचा खर्च करण्याची ऐपत नव्हती तो धंद्यातून उठला, असे त्याने दाखवले. ऐन या वेळी, जेव्हा रात्रीची पाळी मोडून गेली होती, शत्रू परत आला. स्वीडनने १९६६ मध्ये लांडग्याला आणि १९६९ मध्ये वुल्व्हरीनला कायद्याने संरक्षण दिले. १९८३ मध्ये नॉर्वे-स्वीडन सरहद्दीजवळच्या व्हेर्मलांडच्या अरण्यात लांडग्याची नवी विण झाली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने जे वळण घेतले, तेच वळण तिथे थोड्या वर्षांच्या अंतराने आले.

इनाम बंद झाले, आणि त्या जागी भरपाई आली. येथे आमच्या खात्याचा विषय सुरू होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. भरपाईसाठी पुरावा लागतो. हरीण मेले एवढे पुरेसे नाही; ते अमुक जनावराने मारले हे दाखवावे लागते. तपासनीस प्रेताची कातडी सोलून पाहतो. कातडीखाली दातांच्या भोकांभोवती रक्त साकळलेले असेल तर हरीण जिवंत असताना चावा बसला. साकळलेले नसेल तर ते आधीच मेले होते आणि नंतर कोणी खाल्ले. सुळ्यांमधले अंतर मोजून जनावर ओळखतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, तिच्यात खोट काढता येत नाही. खोट आहे ती तिच्या गृहीतात, कारण ती प्रेत सापडेल असे धरून चालते. शेकडो चौरस किलोमीटरच्या रानात, बर्फाखाली, वुल्व्हरीनने तुकडे करून पुरलेले हरीण कोणाला सापडणार? आम्ही तहसिलीत असताना बिबट्याने नेलेल्या शेळीचे पंचनामे केले आहेत. डोंगरपल्याडच्या पाड्यावरचा माणूस अर्ज घेऊन पोचेपर्यंत, पटवारी आणि वनरक्षक एकत्र जाईपर्यंत, शेळीचे एखादे शिंग राहिलेले असे. ‘पुरावा अपुरा’ हा शेरा लिहिणे नियमाला धरून असे, आणि तो लिहिला जाई. तेथील हरणपाळाच्या वाट्याला हाच शेरा येई. नॉर्वेत तर सापडलेली प्रेते आणि मागितलेली भरपाई यांतल्या तफावतीवर सरकार आणि सामी यांचे वर्षानुवर्षे भांडण आहे. सरकार म्हणते, हरणे उपासमारीने मेली, कळप फार वाढवलेत. सामी म्हणतात, तुम्ही रात्री येथे होता का?

स्वीडनने १९९६ मध्ये या भांडणातून बाहेर पडण्याची एक युक्ती काढली, आणि ती आमच्या मते प्रशासनाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. मेलेली हरणे मोजणे सोडून द्यायचे, आणि जन्मलेले शिकारी प्राणी मोजायचे. एखाद्या सामी गावाच्या (‘सामेब्यू’ म्हणजे कुरणाचा सामायिक हक्क असलेली संस्था) हद्दीत लिंक्सची किंवा वुल्व्हरीनची विण झाली, की त्या विणीमागे गावाला ठरलेली रक्कम मिळते. पहिल्या दशकातच ही रक्कम एका विणीमागे २ लाख क्रोनर होती. वुल्व्हरीनची बिळे हिवाळ्याच्या अखेरीस आणि लिंक्सच्या पिलांसकट फिरणाऱ्या माद्यांच्या पाऊलखुणा बर्फावर, अशी मोजणी जिल्हा प्रशासन आणि गाव मिळून करतात. पैसा व्यक्तीला न मिळता गावाला मिळतो, आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या सामी संसदेमार्फत मिळतो. पंचनामा नाही, कातडी सोलणे नाही, खोटे बोलण्याचे कारण नाही. ज्या मादीला चोरून मारले असते तीच आता उत्पन्न देते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या योजनेमुळे वुल्व्हरीनची संख्या सावरली, असे दाखवून दिले.

युक्ती चांगली, यात शंका नाही. परंतु तिने वाद संपला, असे जे काही लेखांत वाचायला मिळते ते आम्हांस पटत नाही. रक्कम विणीवर ठरते, तर नुकसान जनावरांच्या एकूण संख्येवर आणि बर्फाच्या जातीवर. ज्या वर्षी बर्फावर कडक पापुद्रा धरतो त्या वर्षी एकच वुल्व्हरीन दहांचे काम करतो. शिवाय हरणपाळाला पैसा नको असतो. त्याला कळप हवा असतो. निवडून वाढवलेली, वाट ओळखणारी म्हातारी मादी गेली तर तिच्या जागी क्रोनर चरायला जात नाहीत. २०१३ मध्ये स्वीडनच्या संसदेने ठरवले की शिकारी प्राण्यांमुळे होणारे नुकसान कळपाच्या दहा टक्क्यांहून अधिक होता कामा नये. मर्यादा ठरली, पण दहा टक्के झाले की अकरा, हे ठरवायला पुन्हा मोजणीच आली. फिनलंडने युरोपीय संघात जाताना रेनडिअर-प्रदेशातल्या लांडग्याला संघाच्या कडक संरक्षणातून वगळून घेतले. तिथे भरपाई मुख्यतः सापडलेल्या प्रेतावर चालते. नॉर्वे संघाबाहेर. एकाच लोकांची, एकाच जातीची हरणे, आणि तीन देशांत तीन नियम. १७५१ च्या पुरवणीची येथे आठवण होते.

अस्वलाचा बंदोबस्त मात्र कोणत्याच योजनेत नीट बसलेला नाही. म्हणून काही गावे आता गाभण माद्यांना विण्याच्या आधी कुंपणात घेतात, खुराक आणून घालतात, आणि पाडसे चालती झाल्यावर सोडतात. पाडसे वाचतात. पण खुराकाच्या गव्हाणीशी दाटी होते, आणि हरणांत डोळ्यांची साथ पसरते. एका विषाणूने पाडसांचे डोळे पांढरे पडतात आणि वेळीच मलम पडले नाही तर ती आंधळी होतात. खुरकुजवा गेला, हा आला. जी गावे कुंपण घालत नाहीत ती जुलैची वाट पाहतात. जुलैत कळप गोळा करतात, पाडसे आपापल्या आयांमागे धावतात, आणि कोणते पाडस कोणाचे हे पाहून त्याच्या कानावर मालकाची खूण करतात. ज्या मादीमागे पाडस धावत नाही, तिच्याकडे मालक थोडा वेळ बघत राहतो, मग पुढच्या मादीकडे वळतो. अस्वलाने मे महिन्यात नेलेल्या पाडसाचे तोपर्यंत हाडही उरलेले नसते.